कल्याणचा बिशप, चिंचणीचे ताम्रपट आणि एक न वाचलेलं पुस्तक

संशोधनाचा पहिला आराखडा लिहायला घेतला की प्रत्येकाच्या हातून एक ठराविक चूक होते. माझ्याही हातून झाली. मी लिहिलं होतं : "इ. स. ५५० च्या सुमारास कल्याण येथे ख्रिस्ती समाज होता, असे कॉस्मास या भिक्षूने नमूद केले आहे. यावरून उत्तर कोकणातील ख्रिस्ती परंपरा दीड हजार वर्षे जुनी असल्याचे सिद्ध होते." वाक्य झोकात होतं. खाली तळटीपही होती, पण ती एका आधुनिक पुस्तकाची. मार्गदर्शकांनी पेन्सिलीने 'सिद्ध' या शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, "मूळ वाक्य वाचलंस?"

वाचलं नव्हतं. पुढचे दोन महिने ते वाचण्यात गेले, आणि माझं वाक्य उभं राहिलं नाही. ते कसं पडलं आणि पडल्यावर हातात काय उरलं, ते सांगण्यासाठी हा लेख. तुम्ही पेटची तयारी करत असाल, किंवा नेट-सेट झाल्यावर विषय शोधत असाल, तर साधनचिकित्सा म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे या एका उदाहरणातून बऱ्यापैकी कळेल.

हा कॉस्मास कोण?

कॉस्मास इंडिकोप्लुस्टीस. आडनावासारखा दिसणारा दुसरा शब्द म्हणजे 'हिंदुस्थानला जलप्रवास केलेला'. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा व्यापारी, पुढे संन्यस्त झाला, आणि सहाव्या शतकाच्या मध्यावर ग्रीक भाषेत 'ख्रिश्चन टोपोग्राफी' हे बारा भागांचं पुस्तक लिहिलं. कोशातल्या नोंदीत एवढं सापडतं.

आता यातलं किती पक्कं आहे ते बघू. पुस्तकाच्या मजकुरात लेखक स्वतःला नुसता 'एक ख्रिस्ती' म्हणवतो. हे पुस्तक जवळजवळ पूर्ण स्वरूपात तीनच हस्तलिखितांत टिकलं आहे : व्हॅटिकनमधलं नवव्या शतकातलं, आणि सिनाई व फ्लॉरेन्स इथली अकराव्या शतकातली. 'कॉस्मास' हे नाव नंतरच्या हस्तलिखितांतून येतं. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियसने हे पुस्तक वाचून त्यावर टिपण लिहिलं, त्यालाही लेखकाचं नाव माहीत नाही. 'भिक्षू' हे बिरुदही हस्तलिखिताच्या शीर्षकातलं. मजकुरात भिक्षू झाल्याचा स्पष्ट उल्लेख आहे तो त्याच्या मेनास नावाच्या सोबत्याचा. म्हणजे आपण ज्याला 'कॉस्मास भिक्षू' म्हणतो, त्याचं नाव आणि त्याचा आश्रम, दोन्ही नंतरच्या लेखनिकांनी सांगितलेले.

मग पक्कं काय? काळ बराच पक्का आहे. पुस्तकात तो दोन ग्रहणांचा उल्लेख करतो आणि ती इ. स. ५४७ मधल्या ग्रहणांशी जुळतात. व्यापाराचं वर्तुळही पक्कं आहे : तांबडा समुद्र, आजच्या एरिट्रियातलं अदुलिस बंदर, इथिओपियातलं अक्सुमचं राज्य. आणि तो शिकलेला पंडित नव्हता, हेही नक्की, कारण ते तो स्वतःच सांगतो. डोळे अधू, पोट कायम बिघडलेलं, शाळेतलं शिक्षण नाही, अलंकारिक भाषा येत नाही, तरी लिहितोय. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्याच्याबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. प्रबंध लिहिणाऱ्या कुणालाही वाटेल.

पुस्तक कसं आहे?

खरं सांगायचं तर, बरंचसं कंटाळवाणं. लेखकाला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : पृथ्वी गोल नाही. त्याच्या मते विश्व एका पेटीसारखं आहे. तळ सपाट आणि लांबट चौकोनी, वर कमानीचं झाकण. मोशेने रानात उभारलेला निवासमंडप ही त्या विश्वाची प्रतिकृती. मग बायबलमधलं वचन न् वचन ओढूनताणून त्या पेटीत बसवायचं. टीका झाली की उत्तरादाखल नवे भाग जोडायचे. सहाव्यापासून पुढचे भाग असेच वाढत गेलेत. आपलं गृहीतक आधी ठरवून पुरावा नंतर गोळा केला की काय होतं, याचा हा जुना नमुना आहे, आणि तो नीट वाचावा. आपल्यातले बरेच जण आजही तेच करतो, फक्त पेटीचं नाव 'सैद्धांतिक चौकट' असतं.

पण इथे एक गैरसमज दूर करू. 'मध्ययुगात चर्चने पृथ्वी सपाट मानली' असं शाळेपासून ऐकत आलोय, आणि त्याचा पुरावा म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी वारंवार पुढे केला तो याच कॉस्मासला. प्रत्यक्षात त्याचा प्रमुख विरोधक जॉन फिलोपोनस हाही अलेक्झांड्रियाचाच आणि ख्रिस्तीच, आणि तो गोल विश्व मानणारा. फोटियसने तर कॉस्मासच्या भाषेची आणि त्याच्या अचाट गोष्टींची खिल्ली उडवली. पश्चिम युरोपातल्या मध्ययुगीन विद्वानांपर्यंत हे पुस्तक जवळपास पोचलंच नाही. लॅटिन भाषांतरासह ते छापलं गेलं १७०६ मध्ये, माँफोकाँच्या संपादनात. ज्याला त्याच्या काळातही फारसं कुणी मानलं नाही, तो हजार-बाराशे वर्षांनी साऱ्या मध्ययुगाचा प्रतिनिधी ठरला.

गंमत बघा. तिकडे त्याला मूर्खपणाचा नमुना म्हणून वापरलं, इकडे आपण त्याला शंकेपलीकडचा साक्षीदार म्हणून वापरतो. माणूस एकच, पुस्तकही एकच. आणि दोन्ही ठिकाणी पुस्तक उघडलेलं दिसत नाही.

पाहिलं, खाल्लं, विकलं, ऐकलं

या पुस्तकाचा अकरावा भाग अगदी वेगळा आहे. तिथे प्राणी, झाडं, श्रीलंका आणि हिंदुस्थानची बंदरं येतात. हा भाग मुळात त्याच्याच दुसऱ्या एखाद्या लेखनातला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. इथे पेटीचा सोस नाही. इथे व्यापारी बोलतो, आणि व्यापारी भाव करताना खोटं बोलेल, पण मालाची प्रत ओळखतो.

एकशिंगी प्राण्याबद्दल तो म्हणतो, मी तो पाहिलेला नाही. इथिओपियाच्या राजाच्या महालात त्याचे चार पितळी पुतळे पाहिले, त्यांवरून चित्र काढलंय. डुक्कर-हरणाबद्दल म्हणतो, पाहिलंय आणि खाल्लंयही. पाणघोड्याबद्दल : पाहिलेला नाही, पण त्याचे मोठाले दात माझ्याकडे होते, ते मी विकले. सोकोत्रा बेटाबद्दल : किनाऱ्याजवळून गेलो, उतरलो नाही, पण तिथली ग्रीक बोलणारी माणसं इथिओपियात भेटली. श्रीलंकेच्या दरबारातली हकीकत तर तो सोपात्रोस नावाच्या व्यापाऱ्याच्या हवाल्यानेच देतो.

यातला प्रत्येक दाखला वेगळ्या प्रतीचा आहे, आणि ती प्रत लेखकाने आपणहून सांगितली आहे. ज्याला आपण भोळा सपाटपृथ्वीवाला म्हणतो, तो पुराव्याची वर्गवारी आपल्या कित्येक प्रबंधांपेक्षा चोख करतो. तुमच्या वहीत माहितीपुढे एक रकाना आखा : स्वतः पाहिलं, वस्तू हाताळली, पाहणाऱ्याकडून ऐकलं, नुसतं कानावर आलं. पुढे प्रकरण लिहिताना हा रकाना किती उपयोगी पडतो, ते अनुभवाने कळेल.

आता ते कल्याणचं वाक्य

कल्याण त्याच्या पुस्तकात दोनदा महत्त्वाच्या जागी येतं. एकदा तिसऱ्या भागात, जगात ख्रिस्ती धर्म कुठे कुठे पोचला याची यादी देताना. तिथे आशय असा आहे : श्रीलंकेत चर्च आहे, मिरी पिकते त्या मलेत चर्च आहे, आणि 'कल्लियाना' इथे एक बिशप आहे, ज्याची नेमणूक पर्शियातून होते. दुसऱ्यांदा अकराव्या भागात, बंदरांच्या यादीत : सिंधू, ओर्रोथा, कल्लियाना, सिबोर, मग मले. कल्लियानाचा माल म्हणून धातू (तांबं किंवा पितळ), लाकूड आणि कापड यांची नोंद आहे.

बस्स, एवढंच. माझ्या 'सिद्ध होते'चा सगळा डोलारा या दोन ओळींवर उभा होता. त्यांना तीन प्रश्न विचारू.

पहिला : हे कल्याण आपलंच का? काहींनी ते केरळातलं कोल्लम मानलंय, काहींनी उडुपीजवळचं कल्याणपूर. पण बंदरांचा क्रम पाहा. यादी वायव्येकडून खाली दक्षिणेकडे येते. सौराष्ट्राच्या बाजूच्या ओर्रोथानंतर आणि सिबोरच्या (बहुतेकांच्या मते चौल) आधी बसणारं बंदर उल्हास नदीवरचं कल्याणच. शिवाय त्याच्या काही शतकं आधीच्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा आणि कल्याण जवळजवळ येतात, आणि कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी दाते म्हणून भेटतात. इथे आपण बऱ्यापैकी निश्चिंत राहू शकतो.

दुसरा : त्याला हे कसं कळलं? कल्याणच्या वाक्यात 'पाहिलं' नाही, 'उतरलो' नाही, कुणाचा हवालाही नाही. आपल्या रकान्यात ते शेवटच्या खणात जातं : कानावर आलं. तो हिंदुस्थानात कधी आला होता का, याबद्दलच अभ्यासकांत मतभेद आहेत. पण थांबा, म्हणून वाक्य टाकाऊ होत नाही. ज्या पात्रिकियोसला तो आपला गुरू मानतो, तो म्हणजे मार आबा, जो पुढे पर्शियातल्या 'पूर्वेच्या चर्च'चा प्रमुख झाला. म्हणजे पर्शियातून कुठे कोण नेमलं जातं, ही माहिती त्याच्यापर्यंत आतल्या माणसांकडून येण्याची शक्यता होती. आणि शंभरेक वर्षांनी, सातव्या शतकाच्या मध्यावर, त्याच चर्चचा प्रमुख ईशोयाब तिसरा एका पत्रात पर्शियाच्या किनाऱ्यावरच्या रेव अर्दशीरच्या धर्मप्रमुखाला दोष देतो की तुझ्या बंडखोरीमुळे हिंदुस्थानातली बिशपांची परंपरा खंडित झाली. कॉस्मासशी संबंध नसलेलं हे साधन नेमणुकीची व्यवस्था खरी होती असं सांगतं. ऐकीव गोष्ट दुसऱ्या, स्वतंत्र साधनाने उचलून धरली की तिचं वजन वाढतं.

तिसरा, आणि सगळ्यात महत्त्वाचा : हा बिशप कुणाचा? इथे मी घसरलो होतो. 'बिशप आहे' या शब्दांतून मी मनानेच 'स्थानिक ख्रिस्ती समाज आहे' असं वाचलं. आता श्रीलंकेबद्दल तोच लेखक अकराव्या भागात काय म्हणतो ते पाहा : तिथलं चर्च म्हणजे तिथे राहायला आलेल्या पर्शियन ख्रिस्त्यांचं, त्यांचा धर्मगुरू पर्शियातून येतो, आणि स्थानिक लोक व राजे मात्र त्या धर्माचे नाहीत. तिसऱ्या भागातलं नुसतं 'चर्च' अकराव्यात आलं की असं उलगडतं. कल्याणबद्दल असा उलगडा केलेला नाही. तिथेही परदेशी व्यापाऱ्यांची पेठ आणि त्यांचा धर्मगुरू एवढंच चित्र असू शकतं. त्याहून जास्त असेलही. पण वाक्य तेवढं बोलत नाही.

आणि पालघर?

माझा विषय आजच्या पालघर जिल्ह्याचा. कॉस्मासच्या यादीत सोपारा नाही, संजाण नाही, तारापूर नाही. कल्याण आपल्याला जवळचं म्हणून आपण त्याची साक्ष वसई-पालघरपर्यंत ताणतो. मग या किनाऱ्यावर त्या काळातला दुसरा पुरावा काय?

बोईसरला उतरून एमआयडीसी आणि तारापूर ओलांडून खाडीपलीकडे गेलं की चिंचणी. लोक समुद्रावर फिरायला जातात. तारापूर म्हटलं की अणुऊर्जा केंद्र आठवतं. पण प्राचीन कोकणाच्या अभ्यासकाला चिंचणी आठवते ती १९५५ साली तिथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे, जे डी. सी. सरकार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. त्यातला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला पट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. त्यात संजाण प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी 'ताजिक' आहे, म्हणजे अरब. त्याचं नाव संस्कृतात 'मधुमती' असं येतं आणि सरकारांनी त्यात 'मुहम्मद' हे नाव ओळखलं. या अधिकाऱ्याने लोकांसाठी फुकट तरीची सोय केली, अन्नछत्र घातलं, आणि एका देवीच्या मठिकेला दान द्यायला मान्यता दिली. शके ९५६ च्या (इ. स. १०३४) चामुंडराजाच्या पटात मठिकेला तेलाचा घाणा दिल्याची नोंद आहे, आणि संजाणच्या लोकांत 'हंजमान' हा शब्द येतो.

म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकात या किनाऱ्यावर परदेशी मुळाची माणसं होती, आणि इथल्या राजांच्या ताम्रपटांत त्यांची दखल घेतली जात होती. कान्हेरीच्या लेण्यात १००९ आणि १०२१ मधले पहलवी लेख आहेत, पारशी भेट देऊन गेल्याचे. मुसलमान दिसतात, पारशी दिसतात. ख्रिस्ती?

नावानिशी दिसत नाहीत. 'हंजमान' हा शब्द काहींनी पारशांची 'अंजुमन' असा घेतलाय. काहींनी त्याचं नातं दक्षिणेतल्या 'अंजुवण्णम' या पश्चिम आशियाई व्यापाऱ्यांच्या संघाशी लावलंय, ज्यात ज्यू आणि ख्रिस्तीही असत. दुसरा अर्थ घेतला तर ख्रिस्ती त्या शब्दाच्या आत असू शकतात. पण शब्दाच्या आत कुणी 'असू शकतं' ही तळटीप आहे, निष्कर्ष नव्हे. तुलनेसाठी केरळ घ्या. इ. स. ८४९ च्या कोल्लमच्या तरिसापल्ली ताम्रपटांत चर्च आहे, ते उभारणाऱ्याचं नाव आहे, आणि साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी व हिब्रू लिप्यांत आहेत. तसा एक पट उद्या कल्याणला किंवा चिंचणीला सापडला, तर मी माझं खोडलेलं वाक्य आनंदाने परत लिहीन.

पुढचा ठोस दुवा थेट १३२१ चा. ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधू मारले गेले, आणि जॉर्दानुस या डोमिनिकनाने त्यांचे अवशेष सोपाऱ्याला पुरले. ठाण्यात ते ज्यांच्याकडे उतरले होते, ते पूर्वेच्या चर्चचे ख्रिस्ती होते असं त्या वृत्तांतांतून कळतं. म्हणजे पोर्तुगीजांच्या आधी इथे ख्रिस्ती होते, हे खरं. पण ५५० आणि १३२१ यांच्यामध्ये पावणेआठशे वर्षं आहेत. दोन खांब दिसले म्हणून मधला पूल आपोआप उभा राहत नाही.

यात एवढं काय बिघडतं?

हा प्रश्न मला गावातच विचारला गेला. वसई-पालघरच्या ख्रिस्ती माणसाला "तुम्ही पोर्तुगीजांनी बाटवलेले" हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. त्यावर "आम्ही सहाव्या शतकापासून इथे आहोत" हे उत्तर फार हवंहवंसं वाटतं. मी ते समजू शकतो. पण ज्या उत्तराची एक ओळ तपासली की ते कोसळतं, त्याने कुणाचीच बाजू भक्कम होत नाही. आणि मुळात एखाद्या समाजाचा या मातीवरचा हक्क सहाव्या शतकातल्या बिशपवर का अवलंबून असावा? त्याची मराठी बोली, त्याची शेती-वाडी, त्याची मासेमारी, पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार हा काय कमी पुरावा आहे? इतिहासाला जे सांगता येतं तेवढंच सांगायला लावावं. वकिली करायला लावली की तो उलटतपासणीत फुटतो.

माझं वाक्य आता असं आहे : "सहाव्या शतकाच्या मध्यास कल्याण येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची ऐकीव परंतु संभाव्य नोंद कॉस्मास देतो, तो कोणत्या समुदायासाठी होता हे ती नोंद सांगत नाही." झोक गेला. पण यातून नवा प्रश्न मिळाला : पर्शियन आखातातून कल्याणला येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वस्तीचा माग कशातून लागेल? खापरांतून, नाण्यांतून, सिरियाक पत्रांतून? सध्या त्यावर काम चालू आहे.

शेवटी कॉस्मासचीच एक गोष्ट, कारण तो नुसता चुकीचा ठरवून सोडून द्यायचा माणूस नाही. अदुलिस बंदरात एक संगमरवरी सिंहासन होतं आणि त्याच्यामागे एक लेखशिळा. तिथल्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून कॉस्मास आणि मेनासने त्यांवरचे ग्रीक लेख उतरवून घेतले. कॉस्मासला वाटलं की दोन्ही मिळून एकच लेख आहे, इजिप्तच्या टॉलेमीचा. हे साफ चुकलं. शिळेवरचा लेख तिसऱ्या टॉलेमीचा, इ. स. पू. तिसऱ्या शतकातला, सिंहासनावरचा अक्सुमच्या एका राजाचा, कित्येक शतकांनंतरचा. पण त्याने नक्कल इमानदारीने केली होती. आपल्या समजुतीत बसावा म्हणून मजकूर बदलला नव्हता. पुढे मूळ दगड दोन्ही नाहीसे झाले, आणि केवळ त्याच्या नकलेवरून नंतरच्या अभ्यासकांना ते दोन लेख वेगळे करता आले.

तुमचे निष्कर्ष पुढे कुणीतरी खोडून काढणार आहे, माझेही. त्यांना खोडता यावं, इतकी स्वच्छ नक्कल मागे ठेवून जा. आणि आराखड्यात 'सिद्ध होते' लिहिण्याआधी मूळ वाक्य एकदा उघडून वाचा.